विद्यार्थी व्हिसा आणि वास्तव्याची मुदत

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखविला जातो. त्यावर पाच वर्षांनंतरची तारीख असली की मूल पाच वर्षे तेथे राहू शकेल, असा समज होतो. अमेरिकेच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेचा एफ-१ व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी होय. आत किती काळ राहायचे, हे त्यावरून ठरत नाही. आगमनाची जी शासकीय नोंद होते, तिला आय-९४ म्हणतात. विद्यार्थ्यांच्या नोंदीत आजवर तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरे येत आली. म्हणजे विद्यार्थी हा दर्जा टिकेल तोवर वास्तव्य वैध. अभ्यासक्रम संपण्याची तारीख विद्यापीठाच्या आय-२० या पत्रावर असते. ते पत्र पालकांनीही एकदा नीट वाचावे.

शिक्का पाच वर्षांचा आणि एम.एस. दोन वर्षांचे असेल, तर पदवीनंतर साधारणपणे ६० दिवसच उरतात. उलट, पीएच.डी. चालू असताना शिक्क्याची तारीख उलटली, तरी तेथे राहून अभ्यास सुरू ठेवता येतो. मात्र भावंडाच्या लग्नासाठी गावी आल्यावर परतण्यासाठी नवा व्हिसा काढावा लागतो. आग्रहाने बोलावणे धाडण्यापूर्वी घरच्यांनी ही तारीख विचारावी.

अभ्यास लांबणार असेल, तर आय-२० ची मुदत संपण्यापूर्वीच वाढवून घ्यावी लागते. आजारपणामुळे वा पैशांच्या ओढीमुळे शिक्षण मध्येच थांबविण्याची वेळ आली, तर विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्याची संमती घेऊन बाहेर पडणाऱ्यास १५ दिवस मिळतात; न सांगता वर्ग सोडणाऱ्यास एकही नाही. आपल्याकडची मुले संकोचापोटी अडचण लपवितात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर मुदतीचा प्रश्न शिष्यवृत्तीच्या रूपाने आला होता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अपुरा ठेवून त्यांना परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित काम करण्यासाठी ‘ओपीटी’ या सवलतीखाली १२ महिने मिळू शकतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना त्यापुढे आणखी २४ महिने. ही सवलत आपोआप मिळत नाही. तिचा पहिला अर्ज अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून करता येतो. शिवाय पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. कर्ज फेडण्याचे गणित नोकरीच्या आशेवर मांडणाऱ्या कुटुंबांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

ब्रिटनची रीत वेगळी आहे. तेथे वास्तव्याची अखेरची तारीख आधीच ठरलेली असते. वर्षभराच्या वा त्याहून मोठ्या पदवी अभ्यासक्रमानंतर सामान्यतः चार महिने जोडून दिले जातात. अमेरिकेनेही ‘डी/एस’ काढून कमाल चार वर्षांची ठरावीक मुदत द्यावी आणि ६० दिवसांऐवजी ३० दिवस ठेवावेत, असा प्रस्ताव तेथील गृहसुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. त्यामुळे यापुढे जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला नियम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी मागवून घ्यावा. आधी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये.