मेंढीची चोरी आणि गावचा कॉन्स्टेबल

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या ग्रामीण भागात आजच्या अर्थाने पोलीस दल अस्तित्वात नव्हते. सकाळी कुरणावर गेलेल्या शेतकऱ्याला कळपातील मेंढी कमी आढळली, तर चोराचा माग काढण्याचे काम प्रथम त्यालाच करावे लागे. चिखलात उमटलेली पावले, रक्ताचे डाग, कुंपणाच्या काट्यांत अडकलेली लोकर यांवरून तो अंदाज बांधी. संशय एखाद्या घरावर स्थिरावला, म्हणजे तो जवळच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’कडे जाई. हा बिनपगारी न्यायाधिकारी बहुधा त्या भागातील जमीनदार किंवा धर्मोपदेशक असे. फिर्यादीने संशयाची कारणे शपथेवर सांगितली की तो झडतीचे अधिपत्र देई.

अधिपत्राची अंमलबजावणी पॅरिशचा कॉन्स्टेबल करी. हा गावातलाच एखादा शेतकरी किंवा कारागीर असे. त्याची नेमणूक साधारणतः एका वर्षापुरती होई. त्याला ना गणवेश असे, ना तपासाचे शिक्षण. ज्याच्या घराची झडती घ्यायची, त्याच्याच शेजारी त्याला पुढे आयुष्य काढायचे असे. त्यामुळे कोणी फिर्याद आणल्याखेरीज तो स्वतःहून चोराच्या मागे सहसा लागत नसे.

झडतीत मांस सापडले तरी तेवढ्याने भागत नसे. मेंढीची ओळख कानाला पाडलेल्या खाचेत किंवा लोकरीवरील डांबराच्या वा गेरूच्या ठशात असे. म्हणूनच चोर कातडे व मुंडके पुरून टाकीत. ते हाती लागले, तर धडाशी जुळवून पाहिले जाई. मजुराच्या झोपडीत मटण शिजत असणे हेच मुळी संशयाला पुरेसे कारण ठरे. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे.

हा भेद जिवाचा होता. १७४१ च्या कायद्याने मेंढीच्या चोरीला देहान्ताची शिक्षा ठरविली आणि गुन्हा शाबीत करून देणाऱ्यास दहा पौंडांचे इनाम जाहीर केले. पुढच्याच वर्षी हा कायदा गाईबैलांनाही लागू झाला. आरोपीला खटल्यापर्यंत तुरुंगात राहावे लागे, आणि फिरते वरिष्ठ न्यायालय बहुतेक परगण्यांत वर्षातून दोनदाच भरे. खटला चालविण्याचा भार फिर्यादीवर असे. न्यायाधिकारी त्याच्याकडून मुचलका लिहून घेई. साक्षीदारांसह दूरच्या शहरी जाण्याचा खर्च मेंढीच्या किमतीहून अधिक होण्याचा संभव असे. गरीब फिर्यादीला गुन्हा शाबीत झाल्यास खर्च मिळण्याची सोय १७५२ मध्ये झाली. शतकाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी वर्गणी काढून फिर्यादी मंडळे स्थापन केली. ही मंडळे वर्तमानपत्रांतून इनामे जाहीर करीत व सभासदांच्या खटल्यांचा खर्च सोशीत.

दोषी ठरलेल्यांपैकी अनेकांची फाशी रद्द होऊन त्यांना समुद्रापार धाडले जाई. प्रथम अमेरिकेतील वसाहतींत आणि १७८७ पासून ऑस्ट्रेलियाकडे. तरीही १८००-०१ सारख्या महागाईच्या काळात चोरीचे खटले वाढलेच. भुकेपुढे फासाची भीती टिकली नाही.

मेंढीच्या चोरीबद्दलची देहान्ताची शिक्षा १८३२ मध्ये रद्द झाली. परगण्यांना पगारी पोलीस ठेवण्याची मुभा १८३९ मध्ये मिळाली आणि १८५६ मध्ये ते सक्तीचे झाले. तोवर तपासाच्या दुबळेपणाची भरपाई कायदा शिक्षेच्या कठोरतेने करू पाहत होता, आणि तिची किंमत बहुधा गरिबाला मोजावी लागत होती.