‘तुला होऊन गेलाय ना?’

दुसऱ्यांदा कोविड झालेल्या माणसाच्या वाट्याला विचारपूस कमी आणि उलटतपासणी जास्त येते. ‘काळजी घेतली नसणार’, ‘प्रतिकारशक्तीच कमी’ असं ऐकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी ‘तुला होऊन गेलाय, आता कसली भीती’ म्हणत बंद एसी हॉलमध्ये आग्रहानं नेऊन बसवलेलं असतं. त्या उलटतपासणीतून मीही सुटलो नाही, म्हणून हे जरा तिखट वाटेल. पण दुसऱ्या लागणीला माणसाचा निष्काळजीपणा जितका कारण असतो, त्याहून अधिक कारण मध्ये गेलेले महिने आणि त्या महिन्यांत बदललेला विषाणू असतो. कतारमधल्या अभ्यासात आधीची लागण डेल्टापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण देत होती. ओमायक्रॉनपुढे तेच ५६ टक्क्यांवर आलं. वयाचाही वाटा मोठा. डेन्मार्कमध्ये २०२० च्या दोन लाटांची तुलना केली, तेव्हा एकूण लोकांत हे संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास दिसलं, पासष्टीपुढच्यांत मात्र जेमतेम ४७. आजीला ‘तुमचं झालं एकदा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की दुसरा कोविड सौम्यच असतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही आहे. आधीच्या लागणीचं गंभीर आजारापासूनचं संरक्षण ओमायक्रॉनच्या काळातही बरंच टिकलं. पण मूत्रपिंड बदललेल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला बहुतेकांची सरासरी काय कामाची? लस घेऊनही होतोच, हा दुसरा आक्षेप. होतो, पण अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २०२१ मध्ये आधी बाधित झालेल्यांपैकी लस न घेतलेल्यांत पुन्हा लागण होण्याची शक्यता २.३४ पट निघाली. आकडा ओमायक्रॉनपूर्वीचा आहे, हे मान्य. तरी लस घेणं वायाच गेलं, असं त्यातून निघत नाही.

तेव्हा शेवटची लागण किंवा डोस कधीचा, हे लिहून ठेवा. लक्षणं असताना घरगुती चाचणी निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी पुन्हा करा; पहिल्या निगेटिव्हवर पंगतीला जाऊ नका. गर्दीच्या बंद जागेत एन-९५ लावा, खिडकी उघडा. झोप, आहार, हात धुणं आहेच, ते सगळेच सांगतात. आणि आग्रह करणारा स्वतःच खोकत असेल, तर त्यालाच घरी थांबायला सांगा, वाईटपणा आला तरी.