वीज खंडित झाली असता : ग्रामीण घरासाठी जनित्राची पूर्वतयारी

खेड्यांत वीज आली, त्याबरोबर घरातील अनेक कामे विजेवर अवलंबून राहू लागली. विहिरीचे पाणी, दूध थंड ठेवणे, कडबा कापणे, पिठाची चक्की, इतकेच नव्हे तर दूरध्वनीदेखील विजेवाचून बंद पडतो. दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येने उन्मळून पडले व कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गेले व पुन्हा तसाच अनुभव आला. अशा अनुभवामुळे अनेक कुटुंबांनी लहान जनित्रे घेतली आहेत व आणखी घेत आहेत.

जनित्र ही सोयीची वस्तू आहे यात शंका नाही. परंतु हिशेब न करता घेतलेले जनित्र पैसा वाया घालविते आणि चुकीच्या रीतीने जोडलेले जनित्र माणसाचा जीव घेते. म्हणून ते निवडावे कसे, जोडावे कसे व ठेवावे कोठे, या तीन गोष्टींचा विचार या पाठात केला आहे.

१. प्रथम गरज ओळखावी

वीज खंडित होण्याचे दोन प्रकार मानावेत. पहिला, तास-दोन तासांचा. दुसरा, वादळ, पूर किंवा रोहित्र जळाल्यामुळे होणारा, काही दिवस टिकणारा. पहिल्या प्रकारासाठी जनित्राची गरज बहुधा नसते. दिवे व पंखे यांच्यापुरता इन्व्हर्टर व बॅटरी पुरेशी होते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास ऊर्जा साठविते. त्यातील सुमारे निम्मी ऊर्जा वापरावयाची असे धरले, तरी ९ वॅटचे चार दिवे व ७५ वॅटचा एक पंखा आठ तास सहज चालतात. शिवाय त्यात धूर नाही, आवाज नाही.

ज्यांच्या छपरावर सौर संच आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वीजमंडळाच्या तारांशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच तारांतील वीज जाताच आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या सुरक्षिततेसाठीच तशी योजना केलेली असते. म्हणून असा संच असला तरी वीज गेल्यावर तो घराला उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये.

दुसऱ्या प्रकारासाठी मात्र जनित्राचा विचार करणे योग्य ठरते.

२. भाराचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी घरातील ज्या वस्तू अडचणीच्या वेळी चालल्याच पाहिजेत त्यांची यादी करावी. उदाहरणादाखल एका घराची यादी पुढे दिली आहे.

दिवे ६ (प्रत्येकी ९ वॅट) : ५४ वॅट
पंखे २ (प्रत्येकी ७५ वॅट) : १५० वॅट
शीतकपाट १ : १५० वॅट
मोबाईल चार्जर २ : २० वॅट
दूरचित्रवाणी संच : ८० वॅट
एकूण : ४५४ वॅट
विहिरीवरील १ अश्वशक्तीचा पंप : सुमारे १००० वॅट

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. ज्या यंत्रात मोटर असते ते सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. म्हणून मोटरच्या यंत्राचा भार हिशेबात निदान तिप्पट धरावा. त्याप्रमाणे पंपासाठी ३००० वॅट व इतर वस्तूंसाठी ४५४ वॅट, असे मिळून ३४५४ वॅट होतात. जनित्रावर क्षमता के.व्ही.ए. मध्ये लिहिलेली असते. सामान्यतः तिला ०.८ ने गुणले असता किलोवॅट मिळतात. ३४५४ वॅटसाठी सुमारे ४.३ के.व्ही.ए., म्हणजे व्यवहारात ५ के.व्ही.ए. चे जनित्र लागेल.

आता पंप यादीतून वगळून पाहावा. शीतकपाटाचा सुरू होतानाचा भार ४५० वॅट व इतर ३०४ वॅट, असे एकूण ७५४ वॅट होतात. त्यासाठी १ ते १.५ के.व्ही.ए. चे लहान जनित्र पुरते. एका पंपामुळे जनित्र कितीतरी पटींनी मोठे घ्यावे लागते, हे यावरून दिसून येईल. म्हणून वादळाची सूचना मिळताच वरची टाकी व घरातील भांडी भरून ठेवावीत आणि विहिरीवरचा रहाट, दोर व बादली कधीही मोडीत काढू नये. जेथे दुभती जनावरे अधिक आहेत व पाण्यावाचून चालणारच नाही, तेथे मात्र पंपासह हिशेब करावा.

३. इंधनाचा हिशेब

जनित्र तासाला एक लिटर इंधन खाते व दिवसातून चार तास चालते असे धरल्यास एका आठवड्यास २८ लिटर इंधन लागेल. वीज नसेल तेव्हा इंधनाचे पंपही बंद असू शकतात आणि रस्ते झाडे पडून अडलेले असतात. म्हणून जनित्र अखंड चालविण्याची कल्पना सोडून द्यावी. शीतकपाटाचे दार बंद ठेवल्यास आतील थंडावा सुमारे चार तास टिकतो. सकाळी व सायंकाळी ठरलेल्या वेळी जनित्र लावून त्याच वेळात पाणी चढविणे, दूरध्वनी भारित करणे व दळण ही कामे पालटून पालटून उरकावीत. कोणते काम कोणत्या वेळी, हे आधीच ठरवून घ्यावे. मोठे जनित्र दोन दिव्यांसाठी चालविणे हा तर निव्वळ अपव्यय होय.

पेट्रोल अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्याचा साठा राहत्या घरात, चुलीजवळ किंवा गोठ्यात करू नये. घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत, वेगळ्या व हवेशीर जागी ते ठेवावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते आर्द्रता शोषून घेते. म्हणून पेट्रोल महिनोन् महिने तसेच पडू देऊ नये.

४. जोडणी : सर्वांत महत्त्वाची बाब

काही लोक दोन्ही टोकांना पिन बसविलेली वायर करून जनित्राची वीज भिंतीतील सॉकेटमध्ये देतात. हा प्रकार अत्यंत घातक आहे. अशी वीज घरातील वायरिंगमधून उलट दिशेने बाहेरच्या तारांत जाते. जे रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब घराच्या उपयोगासाठी उतरविते, तेच उलट बाजूने दाब चढवितेही. घरातील २३० व्होल्ट अशा रीतीने बाहेर हजारो व्होल्ट होऊ शकतात. ‘वीज बंद आहे’ अशा समजुतीने खांबावर चढलेला लाईनमन त्या क्षणी मृत्युमुखी पडू शकतो. जो माणूस आपल्याच गावाची वीज परत आणण्यासाठी पावसात खांबावर चढला आहे, त्याचा जीव आपल्या घरातील एका वायरीने जावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. शिवाय बाहेरची वीज अकस्मात परत आली तर जनित्र जळते व घराला आगही लागू शकते.

यावर उपाय एकच. मीटर व घरातील वायरिंग यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा. हा स्विच एका वेळी एकाच बाजूला जोडला जातो, एकतर बाहेरच्या तारांना किंवा जनित्राला. दोन्ही एकदम जोडले जाणे त्यात शक्यच नसते. एका फेजच्या घरासाठी न्यूट्रलसुद्धा तोडणारा दोन पोलांचा व तीन फेजसाठी चार पोलांचा स्विच घ्यावा. हे काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. जनित्राला स्वतंत्र व चांगले अर्थिंग द्यावे. जोपर्यंत असा स्विच बसत नाही, तोपर्यंत यंत्रे योग्य जाडीच्या वायरने सरळ जनित्रावरच जोडावीत, घराच्या वायरिंगशी त्याचा संबंध येऊ देऊ नये.

चालविण्याचा क्रम असा ठेवावा :

(अ) घरातील सर्व यंत्रे बंद करावीत.
(आ) चेंजओव्हर स्विच मधल्या, म्हणजे बंद स्थितीत आणावा.
(इ) जनित्र सुरू करून दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे.
(ई) स्विच जनित्राच्या बाजूला करावा.
(उ) प्रथम मोटरचे मोठे यंत्र व नंतर एकेक लहान यंत्र सुरू करावे.

बंद करताना हाच क्रम उलट पाळावा. इंधन भरावयाचे ते इंजिन बंद करून व निवू देऊनच.

५. जागा व धूर

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे ही त्याची प्रथम लक्षणे होत. झोपेतील माणसास ती कळतही नाहीत. पावसात भिजू नये किंवा चोरीस जाऊ नये म्हणून जनित्र पडवीत, माजघरात किंवा बंद गोठ्यात चालविणे म्हणजे घरात विष सोडणे होय. खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळत नाही. जनित्र घरापासून निदान २० फूट दूर, उघड्यावर, धुराचे तोंड दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेस करून ठेवावे. वर छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या असाव्यात. जोते पुराच्या पाण्याहून उंच बांधावे. कोणास वरील लक्षणे जाणवल्यास त्यास ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे.

६. निगा

जनित्र महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे भार देऊन चालवावे. तेलाची पातळी प्रत्येक वेळी पाहावी. तेल व गाळण्या बदलण्याच्या वेळा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पाळाव्यात व त्याची नोंद एका वहीत ठेवावी. अनेक महिने वापर होणार नसेल तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, गावातील जनित्र असलेल्या कुटुंबांची एक बैठक घ्यावी. परवानाधारक वायरमनास बोलावून एका घरी चेंजओव्हर स्विचचे प्रात्यक्षिक दाखवावे. ज्या घरी स्विच नसेल त्याची यादी करून पाठपुरावा करावा. दूध संस्था, पिठाची चक्की व पाणीपुरवठा यांसाठी गावाचे एक सामाईक मोठे जनित्र घेतल्यास अनेक कुटुंबांचा स्वतंत्र खर्च वाचतो, हेही पटवून द्यावे.

जनित्र घराला उजेड देते. तो उजेड आपल्या घरच्यांच्या किंवा लाईनमनच्या जीवावर बेतू नये, एवढी दक्षता प्रत्येक शेतकरी कुटुंबाने घ्यावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील आवश्यक यंत्रांची यादी करून किती के.व्ही.ए. चे जनित्र लागेल ते काढा. पंप वगळल्यास किती फरक पडतो?
२. जनित्राची वीज सॉकेटमधून दिल्यास खांबावरील कामगारास धोका कसा पोहोचतो, ते शेजाऱ्यास समजावून सांगा.
३. आपल्या अंगणात जनित्रासाठी योग्य जागा कोणती? घरापासूनचे अंतर मोजून पाहा.