तेराचा सेट परत पिशवीत ठेव

बाय, काल रात्री तू पाठवलेला फोटो आज सकाळी मार्व्याहून तरीत बसल्यावर नीट पाहिला. ओसरीवरच्या बाकावर आजोबांची एफ-होलवाली गिटार आणि शेजारी तेराच्या जाड तारांचा कोरा सेट. गंजक्या का होईना, जुन्या तारा अजून गिटारवरच आहेत हे पाहून जीव भांड्यात पडला. तो सेट आज चढवू नकोस. परत पिशवीत ठेव आणि आधी माझं ऐक.

तुझ्याआधी ही गिटार चार वर्षं माझ्याकडे होती, हे तुला माहीत आहे. तेव्हा काय झालं ते मी घरात कुणालाच सांगितलं नाही. लग्नांत वाजवणाऱ्या एका जुन्या वादकाने मला सांगितलं होतं की असल्या गिटारला जाडच तारा हव्यात, नाहीतर ती बोलत नाही. मी जूनमध्ये तेराचा सेट चढवला. पहिला आठवडा काय आवाज होता! ओसरीवर वाजवलं तर विहिरीपाशी ऐकू जायचं. मग पाऊस लागला. ऑगस्टपर्यंत बाराव्या पडद्यावर तार इतकी उचलली गेली की खाली करंगळीचं टोक सरकेल. मला वाटलं, माझीच बोटं कमजोर. मी आणखी जोर लावून वाजवत राहिले. एका संध्याकाळी तारा धरणाऱ्या टेलपीसच्या बुडाशी ‘टक्’ झालं. स्क्रू लाकडातून उपटून आला होता. कारागिराने भोकात लाकडाची खुंटी बसवून, सरस लावून ते बुजवलं. पट्टा अडकवायच्या बटणाखाली बोट फिरवून बघ, गव्हाएवढा एक ठिपका फिकट रंगाचा आहे. तो माझ्यामुळे आहे.

आता ताणाचा हिशोब सांगते, कारण तो मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता. तार जाड झाली की तिचं वजन वाढतं, आणि तोच स्वर काढायला तिला जास्त ओढावं लागतं. सेटचा आकडा म्हणजे त्याच्या पहिल्या तारेची जाडी. साडेपंचवीस इंच लांबीवर अकराची पहिली तार जवळपास 9 किलोने ओढते, तेराची साडेबारा किलोच्या आसपास. हा एका तारेचा फरक. सहाही तारांचा मिळून ताण अकराच्या सेटचा 68-70 किलो, बाराचा 74 आणि तेराचा 85 किलोच्या घरात जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या नेकला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समज. आजोबांच्या गिटारच्या नेकमध्ये लोखंडी सळई नाही. डोक्याकडचं झाकण उघडून मी स्वतः पाहिलंय. नेक वाकली तर सरळ करायला स्क्रूच नाही.

मग सगळ्यात बारीक तारा लाव, असंही मी म्हणणार नाही. साध्या सपाट गिटारची घोडी पोटाला चिकटवलेली असते. हिची घोडी व्हायोलिनसारखी नुसती उभी असते, तारा तिला खाली दाबतात आणि त्या दाबावरच पोट थरथरतं. तारा फार बारीक घेतल्या तर दाब पडत नाही, आवाज पोकळ आणि पिचका येतो. नऊ-दहाचे सेट इलेक्ट्रिकवाल्यांना शोभतात. या गिटारला दाब हवाच, फक्त तिच्या हाडांना झेपेल इतका.

या घडणीमागचं कारण कळलं की तारा निवडणं सोपं जातं, म्हणून थोडं मागचं सांगते. गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या काळात, 1922 च्या सुमारास, एल-5 ही गिटार आली. व्हायोलिनसारखी दोन एफ-भोकं, कोरून फुगवलेलं पोट. गिटारला माइक लावायची सोय नव्हती, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून ठेका ऐकू यायला हवा होता. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आले. पुढे गोव्याच्या आणि आपल्या इकडच्या वादकांनी ती ठेक्याची चाल उचलली, आणि हॉटेलातून ती सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. आजोबा त्यांच्याएवढे मोठे नव्हते. ते लग्नांत वाजवायचे. पण ठेका तोच, मापाला चार ठोके, उजवा हात घड्याळासारखा.

तुला फ्रेडी ग्रीनचं नाव सांगून कुणीतरी तेराचा सेट गळ्यात मारला असणार. काउंट बेसीच्या बँडमध्ये ते 1937 पासून वाजवत होते, जाड तारा, त्याही पडद्यांपासून उंच, ॲम्प्लिफायर नाही. हे सगळं खरं आहे. पण त्यांच्या हातात स्ट्रॉमबर्गसारखी दणकट वाद्यं होती आणि भोवती पंधरा-सोळा जणांचा बँड. तुझ्याभोवती आई, दोन मावश्या आणि लग्नातली उंबराच्या पाण्याची गाणी आहेत.

आजोबा काय लावायचे, हे नक्की सांगता येत नाही. परदेशी माल मिळणं मुश्कील होतं त्या दिवसांत बोटीवरून सुट्टीला येणाऱ्यांकडून ते तारांची पाकिटं मागवायचे. जे यायचं ते लागायचं, त्यामुळे ठरलेलं माप नव्हतं. पण आता लावलेल्या तारा तरी मोज. जेट्टीजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात त्यांच्याकडे मायक्रोमीटर असतो. पहिली तार 0.28 मिलिमीटर भरली तर ती अकराची, 0.30 ला बाराची, 0.33 ला तेराची. गंज पुसून मोज, नाहीतर माप फुगतं. मग डोक्याकडच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचा बघ. खाचेत तार रुतून बसत असेल आणि स्वर लावताना ‘टिक टिक’ करत असेल, तर तिच्याहून जाड तार तिथे चालणारच नाही.

माझं मत विचारशील तर शुद्ध निकेलचा अकराचा सेट घे, तिसरी तार गुंडाळलेली असलेला. हे तिसरीचं फार महत्त्वाचं आहे. अकराच्या बऱ्याच इलेक्ट्रिक सेटमध्ये तिसरी साधी असते. आपल्या घोडीच्या माथ्यावर पायरी कोरलेली आहे, ती गुंडाळलेल्या तिसरीसाठी. साधी लावलीस तर वरच्या पडद्यांवर ती चढी बोलेल आणि तू उगाच कानाला दोष देशील. पाकिटामागे तिसऱ्या तारेच्या आकड्यापुढे ‘डब्ल्यू’ आहे का तेवढं बघून घे. ब्राँझच्या तारा जास्त चमकदार वाजतात हे मान्य, पण आजोबांचा तो गोल, जरा खर्जातला आवाज मला निकेलमध्येच सापडला. शिवाय पुढे पिकअप लावलास तर ब्राँझला तो नीट धरत नाही.

बदलताना एक तार काढ, तिच्या जागी नवी लाव, मग दुसरी. सगळ्या एकदम काढल्यास तर घोडी निखळून पडेल. आधीच तिच्या पायांशी कागदी चिकटपट्टीने खूण कर. सगळ्या चढल्या की बाराव्या पडद्यावर हार्मोनिक वाजव, मग तिथेच तार दाबून वाजव. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे केसभर सरकव, उतरा असेल तर नेककडे.

महिनाभर तशीच ठेव. पहिली तार पहिल्या पडद्यावर आणि नेक पोटाला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबून धर आणि सातव्या पडद्यापाशी फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. महिन्याने फट तेवढीच राहिली आणि आवाज कमी वाटला, तर बाराचा सेट लाव, पण अर्धा स्वर खाली लावून. तेवढ्याने ताण दहा-अकरा टक्के उतरतो. आईचा गळाही आता खालीच बरा लागतो.

आणि वाऱ्याचं विसरू नकोस. समोर बोंबील वाळत घातलेले असतात, तोच खारा वारा तारांवर बसतो. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पूस. फडकं काळं पडेल, पडू दे. पावसाळ्यात खाडीकडच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आजोबा कपाटात ठेवायचे तिथेच ठेव.

शनिवारी चारच्या तरीने येते. तेराचा सेट उघडला नसशील तर दुकानदार बदलून देईल, मी येताना निकेलचा आणते. तू तेवढा मायक्रोमीटर मागून ठेव.