सुनौलीमार्गे नेपाळला कमी खर्चात कसे जावे?

नेपाळला जाण्याचा रुळलेला, स्वस्त जमिनीवरचा मार्ग उत्तर प्रदेशातील सुनौलीचा. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते. तिथून सुनौलीला राज्य परिवहनच्या बस आहेत. अंतर सुमारे १०० किलोमीटर, वेळ किमान तीन तास. स्थानकाबाहेर ‘थेट काठमांडू’ची तिकिटे विकणाऱ्या दलालांना टाळलेलेच बरे, पलीकडच्या बसची खात्री कोणी देत नाही.

सीमा पायीच ओलांडायची. भारतीयांना व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. सोबत परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक असेल, तर त्याने कमानीआधीच्या भारतीय कार्यालयात निर्गमनाचा शिक्का घ्यावा. गर्दीबरोबर सरळ चालत गेले तरी कोणी अडवत नाही, म्हणून तो हमखास राहून जातो आणि नेपाळच्या खिडकीवरून परत पाठवणी होते.

पलीकडे बेलहिया. तिथून चारेक किलोमीटरवरच्या भैरहवाला रिक्षा मिळते. काठमांडू, पोखरा, लुंबिनीच्या बस तिथून. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा सहज चालतात. बसची वेळ पाहताना घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे.