चौलचा घोडा आणि चार दिवसांची मुदत



नाताळचे दिवस सरले की आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या एकदिवसीय सहली सुरू होतात. अलिबागच्या बाजूला जाणारी मंडळी रेवदंड्याला उतरतात, पडक्या चर्चपुढे फोटो काढतात आणि डबे घेऊन किनारा गाठतात. यंदा जाणाऱ्यांनी एका घोड्याची हकिकत वाचून जावे, अशी माझी विनंती आहे.

रेवदंडा म्हणजे जुन्या चौल बंदराचा समुद्राकडचा भाग. पोर्तुगीज इथे येण्याआधी, सुमारे १४६९ साली, रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून गलबताने चौलला उतरला. विकण्यासाठी आणलेला एक घोडा त्याच्याजवळ होता. एकच घोडा म्हणून हसू नये. त्या काळी दख्खनच्या सुलतानांचे घोडदळ अरबस्तान आणि इराणकडून जहाजांतून येणाऱ्या घोड्यांवर चाले. इथे चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि लढाया तर थांबत नसत, त्यामुळे किंमत भलतीच चढे. इकडे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, हेही निकितिनने लिहून ठेवले आहे. (पुढे ज्या जुन्नरला त्याचा घोडा अडला, त्याच पुणे जिल्ह्यात आज शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत!)

घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्यामुळे तिथेच अडकला. हा परदेशी मुसलमान नसून ख्रिस्ती आहे, हे तिथला बहामनी अधिकारी असद खान याला कळले. त्याने घोडा काढून नेला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड.

या माणसाची अवस्था ध्यानात घ्या. आसपास चर्च नाही, धर्मगुरू नाही. वाटेत व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकेही नेलेली. त्यामुळे पुनरुत्थानाचा सण कधी, उपवास कधी, हेही त्याला नीट सांगता येईना. जवळ उरली होती ती पाठ असलेली प्रार्थना आणि तो घोडा. घोडा म्हणजे सगळे भांडवल.

शेवटी त्याच्या मदतीला आला खोरासानचा महंमद नावाचा माणूस, म्हणजे एक मुसलमानच. मरियामातेच्या १५ ऑगस्टच्या सणाआधी पौर्वात्य ख्रिस्ती लोक उपवास करतात, त्या दिवसांतली ही गोष्ट. महंमदाने खानाकडे जाऊन रदबदली केली, धर्मांतर टळले आणि घोडाही परत आणला. निकितिनने याला देवाचा चमत्कार म्हटले आहे. मीही म्हणेन. परमेश्वराने आपले काम दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या हातून करून घेतले, एवढेच त्यात जोडेन.

आता थोडे तत्त्वज्ञान. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले, की विश्वास ठेवणे हे इच्छाशक्तीचे कार्य आहे. म्हणून ज्यांनी श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही, त्यांच्यावर ती स्वीकारण्याची सक्ती करता येत नाही. हात धरून माणसाला देवळात नेता येईल, पण आतला होकार बाहेरून ओढून काढता येत नाही. असद खानाला चार दिवसांनी होकार मिळाला असता, तरी तो घोड्याचा होकार ठरला असता.

हे वाचून कोणी मुसलमान शेजाऱ्यांकडे बोट दाखवू लागेल, तर त्याने आपल्याही घरात डोकवावे. १५६७ मध्ये गोव्यातील साष्टीत पोर्तुगीज सत्तेने हिंदूंची देवळे पाडली, आणि तिथेही अनेकांपुढे जमीन की धर्म असे प्रश्न उभे राहिले. अक्वायनस तेव्हाही शिकवले जात होते! धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असे ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. उशीर झाला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात २००२ मध्ये निकितिनचे स्मारक उभे राहिले. परवानगी घेऊन ते पाहावे. मग खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला जावे. आपली वसई १७३९ मध्ये मराठ्यांकडे गेली, चौल आणि कोर्लई १७४० मध्ये. पोर्तुगीज अधिकारी निघून गेले, पण कोर्लईचे साधे ख्रिस्ती लोक राहिले. श्रद्धेबरोबर त्यांनी आपली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोलीही आजवर राखली आहे. आता ती बोलणारे हजाराच्या आसपासच असतील. माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली की बाहेर एखाद्या आजीशी बोलून पाहा. किल्ला वर आहेच, तो कुठे जात नाही.

निकितिनचा घोडा शेवटी बीदरला विकला गेला. वर्षभर त्याला पोसण्याचा खर्च झाला होता. निकितिन स्वतः परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वारला. त्याच्या वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या.