गिटारच्या फ्रेटबोर्डचे तेलपाणी

गिटारच्या मानेवर जिथे डाव्या हाताची बोटे फिरतात, ती लाकडाची लांब पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. सतारीला जसे पडदे, तशा या पट्टीत धातूच्या आडव्या तारा ठोकून बसवलेल्या असतात, त्या फ्रेट. गिटारच्या बाकीच्या अंगावर लॅकरचा थर असतो. फ्रेटबोर्ड मात्र बहुतेक वेळा उघडाच असतो. घाम, बोटांचा तेलकटपणा, धूळ, तारांचा गंज, सगळे त्याच लाकडावर बसते आणि हवा कोरडी झाली की सगळ्यात आधी तेच सुकते.

आपल्या म्युझिक रूममधली जुनी अकूस्टिक गिटार यंदा कंडेमनेशन बोर्डाच्या यादीत होती. शेरा असा होता की फ्रेटची टोके हाताला लागतात आणि पट्टी पांढरी पडली आहे. शाळेत गिटार दोनच. दुसरी इलेक्ट्रिक आणि ती कायम बँडकडे. म्हणजे ही गेली असती तर सातवी-आठवीच्या नवशिक्यांना धरायला काहीच उरले नसते. संगीताचे सर म्हणाले, "आधी साफ करून बघा, मग मी सही करतो." काम मला आणि माझ्या एका मित्राला मिळाले. त्यात जे शिकलो ते इथे लिहितो.

आधी लाकूड ओळखायचे. गडद तपकिरी, उघडी छिद्रे दिसणारे लाकूड बहुधा शिसवी असते. आजीच्या घरातला शिसवी देव्हारा किंवा पाट आठवा, तेच हे. उत्तरेत ज्याला शीशम म्हणतात ते त्याच डालबर्जिया वंशातले भाऊबंद. या वंशाच्या लाकडावर २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक नियम लागले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीच सूट मिळाली, पण मधल्या काळात अनेक कारखान्यांनी दुसरी लाकडे वापरायला सुरुवात केली होती. त्यामुळे नवीन गिटार असेल तर ती शिसवीच असेल असे धरून चालू नये. काळेभोर आणि गुळगुळीत असेल तर एबनी. पिवळसर, फिकट आणि काचेसारखी चमकणारी पट्टी असेल तर ती मेपल. मेपलवर लॅकर असते, म्हणून तिला तेल अजिबात लावायचे नाही, ओलसर फडक्याने पुसले की झाले. स्वस्त गिटारमध्ये साधे लाकूड काळे रंगवलेलेही असते. शेवटच्या फ्रेटपलीकडच्या कोपऱ्यात ओलसर कापूस घासून पाहावा. काळे आले तर घासायचे काम तिथेच थांबवावे.

आता फ्रेटची टोके का टोचतात ते. लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते. सुकताना ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र आकसते. धातूचा फ्रेट आकसत नाही. मग पट्टी अरुंद होते आणि फ्रेट दोन्ही बाजूंनी केसभर बाहेर येतो. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे राजस्थानात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा त्याच्या कितीतरी खाली जाते आणि नेमकी तेव्हाच शाळा सुट्टीवर असते. गिटार दोन महिने बंद खोलीत एकटी. माझ्या घरी रत्नागिरीत याच्या उलट त्रास असतो, तिथे पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते.

बरेच जण म्हणतात की तेल लाकडाला "खायला" घालतात. तसे नसते. लाकूड मेलेले आहे, ते काही खात नाही. तेलाचा पातळ अंश छिद्रांत राहतो, त्यामुळे ओलावा आत-बाहेर होण्याचा वेग कमी होतो, मळ चिकटत नाही आणि रंग खुलतो. बाहेर आलेले फ्रेट तेलाने आत जात नाहीत. त्यासाठी आर्द्रताच लागते.

कामाची सुरुवात तारा सैल करण्यापासून. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो, म्हणून ताणलेली तार कात्रीने कापायची नाही. ती उसळून डोळ्यात जाऊ शकते. खुंट्या फिरवून पूर्ण ढिल्या करायच्या, मग काढायच्या. (इलेक्ट्रिक गिटारला स्प्रिंगवर तरंगणारी घोडी असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नयेत.) गिटारच्या तोंडावर वर्तमानपत्र चिकटवले की कचरा आत पडत नाही.

पहिला हात कोरड्या, मऊ कापडाचा. रायफलची बॅरल साफ करायला आपण ४ इंच बाय २ इंचाची चिंदी वापरतो, तशाच चिंद्या फाडून घेतल्या. सगळ्यात जास्त मळ फ्रेटला लागून असलेल्या कोपऱ्यांत साचतो. तो काढायला जुने प्लॅस्टिकचे कार्ड उत्तम. नखाएवढा तुकडा धरून फ्रेटच्या कडेने अलगद ओढायचा. काळपट, मेणासारखा थर निघतो. आमच्या गिटारचा पहिल्या तीन फ्रेटमधला थर एवढा होता की मित्र म्हणाला, यात दहा बॅचचा घाम आहे. सगळे जण सी आणि जी कॉर्डवरच थांबतात, त्यामुळे वरचे फ्रेट जवळजवळ स्वच्छ होते! मग जुना मऊ टूथब्रश, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा नाही. त्यानंतर घट्ट पिळलेले ओलसर फडके आणि लगेच कोरडे फडके. पाणी लाकडावर थांबता कामा नये. मेसमधली तारेची घासणी आणायचा मोह होईल. ती फार जाडीभरडी असते, लाकडावर कायमचे ओरखडे पडतात.

फ्रेट चमकवायचे असतील तर आपल्याकडे ब्रासो आहेच. फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. बेल्टच्या बकलसारखाच तो चमकतो, मात्र ब्रासो लाकडाच्या छिद्रांत गेला तर पांढरा होऊन बसतो आणि निघत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायची. वीस फ्रेट, म्हणजे चाळीस पट्ट्या. कंटाळवाणे काम आहे, पण टाळू नये.

तेल कोणते, यावर आमच्या डॉर्मिटरीत सगळ्यात जास्त वाद झाला. खोबरेल प्रत्येकाच्या लॉकरमध्ये असते, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजते आणि कालांतराने खवट होते. मोहरीचे तेल चिकट राहते आणि वासही जात नाही. रायफलच्या तेलात धातूसाठीची रसायने असतात. एका उस्तादांनी जवसाचे तेल सुचवले, कारण जुन्या .३०३ रायफलच्या लाकडी दस्त्याला ते चोळत. दस्त्याला ते योग्यच होते. ते तेल हवेत सुकून कडक थर धरते. पण फ्रेटबोर्डवर असे थर साचत जातात. शिवाय जवसाच्या तेलाची बोळा केलेली चिंदी आपोआप तापून पेट घेऊ शकते, डॉर्मिटरीत तो धोका नको. शेवटी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन आणले. ते शुद्ध खनिज तेल असते. सुकत नाही, खवट होत नाही, वास नाही. बाजारात 'लेमन ऑइल' म्हणून जे फ्रेटबोर्डसाठी मिळते, त्यातही बहुधा असेच खनिज तेल आणि लिंबाचा वास असतो.

तेल थेट लाकडावर ओतायचे नाही. चिंदीवर चार-पाच थेंब, तेवढ्यात पूर्ण पट्टी होते. आमची पट्टी इतकी कोरडी होती की पहिला हात डोळ्यांदेखत शोषला गेला, म्हणून दुसरा दिला. दहा मिनिटे थांबायचे, मग उरलेले सगळे पुसून काढायचे. बोट फिरवले तर ओले लागता कामा नये. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. वारंवार तेल पाजले तर फ्रेटच्या खाचांची पकड ढिली होऊ शकते.

पट्टी पुन्हा गडद झाली, टोके मात्र टोचतच होती. मग साबणाच्या डबीला भोके पाडली, घट्ट पिळलेला स्पंज आत ठेवला आणि डबी केसमध्ये मानेच्या बाजूला ठेवली, लाकडाला ओलावा लागणार नाही अशी. (कूलरसमोर गिटार ठेवणे हा उपाय नव्हे, तिथे काही तासांत ओले-कोरडे होऊन लाकूड तडकते.) सोळा दिवसांनी तपासले तर बहुतेक टोके हाताला लागेनाशी झाली होती. चार राहिली, ती सरांनी बारीक कानशीने घासून दिली. ते काम अनुभवी हातानेच करावे, कारण कोन चुकला की तार फ्रेटवरून घसरते.

यादीतून गिटारचे नाव सध्या खोडले आहे. केसच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: तेल लावल्याची तारीख, किती थेंब, स्पंज दर रविवारी ओला करायचा. सुट्टीत कॅम्पसमध्ये राहणाऱ्या स्टोअरच्या भैयांनाही ती दाखवली आहे, कारण मे महिन्यात रविवार आले तरी इथे कॅडेट कोणी नसतो.